खिडकी कुठेतरी उघडी होती

ग्युम्री. शनिवार. नऊ वाजून वीस मिनिटं.
बाहेर उणे चौदा. आत बेचाळीस पोरं,
गळ्यात दोरीनं हातमोजे अडकवलेली,
आणि बुद्धिबळाच्या जोड्या लावणारा प्रोग्राम
उघडायला तयार नाही.

काल रात्री मीच त्याला 'होय' म्हटलं होतं.
नवी आवृत्ती आली आहे, घेऊ का,
असं त्यानं इतक्या अदबीनं विचारलं
की नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

आता दोनदा टिचकी मारली
की निळं कडं फिरतं, थबकतं, विरून जातं.
मग अशी सामसूम
जणू आपण काही मागितलंच नव्हतं.
चुकलं असेल तर तसं सांगावं माणसाला!
एखादी लाल फुली, एखादा आकडा.
शिवीसुद्धा चालली असती.

वार्दगेस मास्तर पाठीशी उभे,
कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास.
"बंद करून चालू कर."
केलं.
"पुन्हा कर."
पुन्हा केलं.
त्यांचं ज्ञान इथे संपलं,
माझं आणखी थोडं पुढे.
प्रोग्राम काढला, परत बसवला.
अँटिव्हायरसला घटकाभर झोपवलं.
सेटिंगचं फोल्डर पुसायला मात्र हात धजावेना,
त्यातच होते सप्टेंबरपासूनचे सगळ्यांचे गुण.

तोवर सिरानुशबाईंनी
मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं फाडून चिठ्ठ्या केल्या,
खिळ्यावरची मास्तरांची केसाळ टोपी काढली,
आणि नावं टोपीत.
तातुलच्या वाट्याला त्याचाच भाऊ आला.
"मी नाही खेळणार. हा माझ्या चाली
घरीच बघून ठेवतो."
भाऊ हसला. म्हणजे खरं असणार.

मी चालू कामांची यादी उघडली
आणि तिथे तो होता.
एकदा नाही, सात वेळा.
जितक्यांदा बोलावलं, तितक्यांदा आलेला,
आणि आम्ही इकडे त्याच्या नावानं बोटं मोडत होतो.
सहा बंद केले. एक ठेवला.
आलास ना बाबा, मग आहेस कुठे?

कुठे ते हळूहळू आठवलं.
ऑगस्टमध्ये डावीकडे आणखी एक मॉनिटर होता,
जाडजूड, कडेला पिवळा पडलेला,
पोरांना जोड्या दिसाव्यात म्हणून.
ऑक्टोबरात तो वाचनालयाला देऊन टाकला.
मी विसरले. मास्तर विसरले.
नव्या आवृत्तीनं मात्र कुठूनशी
जुनी आठवण उकरून काढली होती,
आणि प्रोग्राम सकाळपासून इमानेइतबारे
तिकडेच उघडत होता,
टेबलाच्या डाव्या अंगाला, जिथे आता
भिंत आहे, भिंतीत खिळा,
आणि खिळ्यावर टोपीही नाही.

आल्ट, स्पेस, मग एम.
मग उजवा बाण दाबून धरला.
काही नाही. काही नाही.
मग काठावर एक राखाडी रेघ,
उशिरा आलेलं पोर वर्गात शिरतं तशी,
आधी खांदा, मग दप्तर,
मग बेचाळीस नावं, सगळी जागच्या जागी.

पण एव्हाना एकवीस पट मांडून झाले होते.
घड्याळांवर थापा पडत होत्या.
प्रोग्रामनं लावलेल्या जोड्या वेगळ्या,
टोपीनं लावलेल्या वेगळ्या.
"टोपीच्याच लिही," मास्तर म्हणाले,
"दुसऱ्या फेरीपासून त्याचं राज्य."

मी एकेक जोडी हातानं भरली.
तातुलपाशी आल्यावर त्यानं पुन्हा विचारलं,
त्याच अदबीनं:
ही जोडी नियमात बसत नाही. तरी ठेवायची?

या वेळी 'होय' म्हणण्याआधी
मी मास्तरांकडे पाहिलं.
ते तातुलच्या पटावर वाकले होते,
उघड्या डोक्यानं.